खिडकीत उभं राहून सिगारेट ओढली तर घरातल्यांना धूर लागत नाही, हे खरं आहे का?

नाही. तुम्ही लिहिलंय की नवरा हॉलच्या खिडकीत उभा राहून ओढतो, धूर बाहेर सोडतो, आणि घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. मीही अकरा वर्षं असाच खिडकीत उभा राहिलोय. 'बाहेरच सोडतो ना धूर!' हे माझंही ठरलेलं वाक्य.

फुंकलेला धूर बराचसा बाहेर जातोही. पण दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट बोटांत नुसती जळत असते. तिच्या टोकाकडे एकदा नीट बघा. निळसर, बारीक रेघ वीतभर सरळ वर चढते, मग विस्कटते आणि वारा आत येत असेल तर सरळ खोलीत शिरते. तोंडातून सुटणारा धूर पांढुरका, हा निळा, कारण याचे कण जास्त बारीक. घरातल्यांच्या छातीत जातो तो मुख्यतः हाच. झुरका घेताना निखारा फुलतो, एरवी तो धुमसतो, आणि धुमसताना कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया जास्त सुटतात. थोडक्यात, फिल्टर नवऱ्याला आणि बिनफिल्टरचं बाळाला.

बाळाचा श्वास भराभर चालतो आणि श्वासनलिका असते अरुंद. अशा घरांतल्या मुलांचे कान वारंवार दुखतात, वाहतात, छाती भरते, पुढे दमाही मागे लागू शकतो. तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो. घाबरवायला लिहीत नाहीये, पण हे वगळून उत्तर देता येत नाही.

तुम्हीही यातून सुटत नाही. जपानमध्ये हिरायामा या संशोधकांनी १९८१ साली दाखवून दिलं की स्वतः कधीच न ओढणाऱ्या, पण नवरा ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे. हृदयविकाराचा धोका तर २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो.

पंखा, एअर फ्रेशनर यांनी वास जातो, कण राहतात. नवऱ्याला इमारतीखाली, दारापासून लांब पाठवा. वर आल्यावर शर्ट बदलून, हात धुऊनच बाळाला घेऊ दे. गाडीत तर काच उघडी असली तरी नाही. बाळाची छाती घरघरत असेल तर डॉक्टरांना घरातल्या धुराबद्दल आवर्जून सांगा, लाजू नका.

मला बायकोने खाली पिटाळलं तेव्हा लिफ्ट बंद होती. चार जिने. दिवसाला दहाच्या तीन सिगारेटी व्हायला महिनाही लागला नाही.