आजारपणाचा कसला ‘उपभोग’?

प्रश्न असा आहे: राष्ट्रीय उत्पन्न शिकताना औषधपाण्याचा खर्चही ‘उपभोग खर्चा’त धरलेला दिसतो. उपभोग म्हणजे सुख घेणं. मग हा शब्द चुकला नाही का?

चुकलेला नाही. मूळ धातू ‘भुज्’, म्हणजे खाणं, अनुभवणं. भोजन, भोग, भोक्ता हे सगळे त्याचेच. मराठीत ‘भोगणे’ बरंचसं दुःखाकडे झुकलं: शिक्षा भोगतात, कर्माचे भोग भोगतात. ‘उप’ लागलेला शब्द मात्र सुखाकडे गेला, सुखोपभोग, विषयोपभोग असा. पण ‘भोगवटा’ पाहा. त्यात सुख नाही, दुःख नाही. नुसता ताबा आणि वापर. अर्थशास्त्रातला उपभोग या भोगवट्याचा सख्खा भाऊ आहे: गरज भागवायला वस्तू किंवा सेवा वापरणं, एवढंच.

माझ्या मते खरा गुंता ‘उपभोग’ आणि ‘उपभोग खर्च’ एकच समजण्यात आहे. यंदा घेतलेला फ्रिज पुढे कित्येक वर्षं वापरात राहील, पण त्याची सगळी किंमत यंदाच्याच उपभोग खर्चात जाते. नवं घर मात्र गुंतवणुकीत. त्यात मालक स्वतः राहत असेल तर घराचं अंदाजित भाडं दरवर्षी उपभोग खर्चात धरतात, खिशातून दमडी गेलेली नसली तरी!

उपभोग खर्च हा समग्र मागणीचा, म्हणजे देशातल्या वस्तू-सेवांना असलेल्या एकूण मागणीचा, एक घटक. बाकीचे गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निव्वळ निर्यात (निर्यात वजा आयात). बहुतेक देशांत सर्वांत मोठा वाटा उपभोग खर्चाचाच असतो. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न, हे सूत्र धरून ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सनं 1936 साली ‘उपभोग प्रवृत्ती’ची कल्पना मांडली. वाढीव मिळकतीच्या 100 रुपयांतले 80 खर्च झाले, तर ते दुसऱ्याची मिळकत होतात. त्यानं त्यातले 64 खर्चले, तर ते तिसऱ्याची. हाच कल पुढे टिकला आणि मध्ये कर किंवा आयात आली नाही, तर सगळ्यांच्या वाढीव मिळकतींची बेरीज (100, 80, 64…) 500च्या जवळ पोहोचते. ‘उपभोग प्रवृत्ती’ ऐकताना कुणाच्या स्वभावातला दोष सांगितल्यासारखं वाटतं. अर्थ एवढाच, की मिळकतीतला, इथे वाढीव मिळकतीतला, किती भाग खर्चाकडे वळतो.

परीक्षेत पारिभाषिक शब्दच लिहा. सर्वसाधारण वाचकासाठी मी ‘कुटुंबांचा खर्च वाढला’ असं लिहीन. ‘उपभोग वाढला’ म्हटलं की लोक चैन करू लागले असं वाटतं, आणि वाढलेली असतात कदाचित औषधांची बिलं.