दोन बाय दोनचे कॉन्ट्रास्ट: आधी कॉलम बघ

जतकडच्या मराठी-कानडी दोन्ही बोलणाऱ्यांवर एफएमआरआय (काम करताना मेंदूतली हालचाल टिपणारं स्कॅन) करतोयस, विषय झकास आहे. पण एसपीएममध्ये, म्हणजे या स्कॅनच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कॉन्ट्रास्टचे (कोणत्या स्थितीतून कोणती वजा करायची हे सांगणारे) आकडे टाकण्याआधी डिझाइन मॅट्रिक्समधल्या (प्रत्येक स्थितीला एक कॉलम असलेल्या तक्त्यातल्या) कॉलमांचा क्रम कागदावर उतरव. दोन भाषा, दोन कामं, म्हणून चार स्थिती; समज क्रम असा आहे: मराठी वाचन, मराठी श्रवण, कानडी वाचन, कानडी श्रवण. मग भाषेचा मुख्य परिणाम १ १ -१ -१, वाचन-श्रवणाचा १ -१ १ -१.

खरी गोम इंटरॅक्शनमध्ये आहे, म्हणजे वाचन-श्रवणातला फरक भाषेनुसार बदलतो का यात. तो पाठ करू नकोस, मांडून काढ: मराठीत वाचन वजा श्रवण, त्यातून कानडीतलं वाचन वजा श्रवण वजा कर. येतं १ -१ -१ १. टी-कॉन्ट्रास्ट एकाच दिशेचा असतो. उलट दिशेसाठी सगळी चिन्हं बदल, नाहीतर दोन्ही दिशा धरणारा एफ-कॉन्ट्रास्ट घे. इंटरॅक्शन मिळाला तरी फरक नेमका कुठून आला हे कळत नाही, म्हणून चारही स्थितींचे बीटा (मॉडेलने काढलेले प्रतिसादाचे अंदाज) काढून आलेख बघच. हे टाळून लिहिलेले निष्कर्ष मला पटत नाहीत.

दुसऱ्या पातळीवर, म्हणजे सगळ्या सहभागींच्या एकत्र विश्लेषणात, प्रत्येकाची इंटरॅक्शनची कॉन इमेज (त्या कॉन्ट्रास्टच्या किमतींची प्रतिमा) घेऊन वन-सॅम्पल टी-टेस्ट (सरासरी शून्याहून वेगळी आहे का ही चाचणी) लाव. सुरुवातीला फुल फॅक्टोरियलपेक्षा (चारही स्थिती एकाच मॉडेलमध्ये घेण्यापेक्षा) हेच सरळ पडतं.