दिवसा रिजेक्ट, रात्री पास होणारी लाल झाकणं

तुमची अडचण मी अशी समजलो: रबाळे एमआयडीसीत लाल झाकणांची लाइन, वर एक कलर कॅमेरा. रात्रपाळी सुरळीत जाते, सकाळी दहानंतर चांगली झाकणंही रंगावरून रिजेक्ट होतात. मग कोणीतरी व्हाइट बॅलन्सचं (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचं प्रमाण जुळवणारं) बटण दाबतं, तासभर बरं चालतं, पुन्हा तेच.

बटण दाबणं आधी बंद करा. शेडच्या छताला फायबरचे पत्रे आहेत का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतातच. दहानंतर त्यातून ऊन उतरतं आणि तुमच्या एलईडीत मिसळतं. दोन वेगळ्या रंगांचे उजेड, त्यातला एक ढगांच्या मर्जीवर. कॅमेरा आणि लाइटभोवती आतून काळा, मॅट रंग दिलेला खोका कन्व्हेअरपर्यंत उतरवा. माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न इथेच मिटेल.

उरलेला निम्मा ऑटोचा. व्हाइट बॅलन्स ‘कंटिन्युअस’वर असेल तर कॅमेरा साधारण असं धरून चालतो की चित्राची सरासरी करड्या रंगाची असावी. तुमच्या चित्रात सगळी लाल झाकणं. त्याला वाटतं उजेडच लाल आहे, म्हणून तो लाल कमी करत जातो. लाइन रिकामी झाली की परत वाढवतो. खंडानंतरची पहिली काही झाकणं वेगळी दिसतात का, बघा. ऑटो गेन (सिग्नल आपोआप वाढवणं) आणि ऑटो एक्स्पोजरही (उजेड किती वेळ घ्यायचा ते आपोआप ठरणं) बंद. मोबाइलला फोटो छान हवा असतो, आपल्याला कालच्यासारखाच हवा असतो.

आता हाताने सेटिंग. आधी अपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि एक्स्पोजर. झाकणं पळती असल्यामुळे एक्स्पोजर कमीच ठेवावं लागेल. चित्र काळोखं आलं तर लाइट वाढवा, गेनला शेवटी हात लावा. ६ डीबी गेन म्हणजे सिग्नल दुप्पट, १२ डीबी म्हणजे चौपट, पण नॉइजही (चित्रातली खरखर) त्याच पटीत. गेनने नवा उजेड येत नाही.

ब्लॅक लेव्हलकडे (उजेड नसताना कॅमेरा जो आकडा देतो तो) लोक बघतच नाहीत, आणि गंमत तिथेच असते. लेन्सला टोपी लावा आणि हिस्टोग्राम (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल, याचा आलेख) बघा. नॉइजचा छोटा उंचवटा शून्याच्या जरा उजवीकडे, पूर्ण दिसला पाहिजे. ‘काळा अगदी काळा हवा’ म्हणून शून्यावर दाबलात तर डावी बाजू कापली जाते. जास्त ठेवलात तर रंग फिके पडतात. समजा झाकणाचा खरा लाल १६० आणि हिरवा ४०, म्हणजे चौपट. प्रत्येकात २० मिळवा: १८० आणि ६०, म्हणजे तिप्पटच. झाकण तेच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी वेगळं. शिवाय पुढे व्हाइट बॅलन्सने लाल-निळ्याला गुणलं की हे जादाचे २० सुद्धा गुणले जाऊ शकतात आणि सावल्यांना रंग चढतो. म्हणून ब्लॅक लेव्हल आधी, व्हाइट बॅलन्स नंतर.

व्हाइट बॅलन्स करताना लाइट आणि कॅमेरा अर्धा तास तापू द्या. ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) झाकणांच्याच उंचीवर ठेवा. हिरवा १५०च्या आसपास असू दे. लाल, हिरवा, निळा यांपैकी एकही चॅनल २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला टेकला तर हिशेब चुकलाच. ‘वन्स’ (एकदाच जुळवणं) चालवा, मग मोड ‘ऑफ’ झालाय ना ते बघा आणि लाल-निळ्याचे गेन वहीत लिहा.

ग्रे कार्डऐवजी झेरॉक्सचा कागद नको. वागळे इस्टेटमधल्या एका कामात मी तेच केलं होतं, तेही उघड्या लाइनवर. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर असतो, तो उन्हातली अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड सोडतो. कॅमेऱ्याने तो निळा ‘पांढरा’ मानला आणि सगळा माल पिवळट दिसायला लागला. मी दोन दिवस लेन्स पुसत बसलो होतो!

शेवटी सगळं ‘युजर सेट’मध्ये सेव्ह करा आणि कॅमेरा चालू होताना तोच सेट लोड होईल असं ठेवा. नाहीतर सुट्टीनंतर लाइन चालू केली की फॅक्टरी सेटिंग परत.

खोका बसला की एकदा सकाळी अकराला, एकदा रात्री अकराला त्याच ग्रे कार्डाचे तिन्ही चॅनलचे सरासरी आकडे घ्या आणि इथे टाका. फरक दोन-तीनच्या वर असेल तर पुढे एलईडीचा सप्लाय तपासू.