कम्युनिटी कॉलेजची टेक्निशियन पदवी: एका वडिलांच्या तक्त्याला उत्तर

अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ राहणाऱ्या एका वडिलांचे पत्र आले आहे. ते मूळचे सांगलीचे असून स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर आहेत. अमेरिकेतच जन्मलेला त्यांचा मुलगा बारावीत शिकतो, आणि त्याला चार वर्षांच्या इंजिनीअरिंगऐवजी कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे कमी शुल्काच्या स्थानिक सरकारी महाविद्यालयातून, औद्योगिक टेक्निशियनची (कारखान्यातील यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याची) दोन वर्षांची पदवी घ्यायची आहे. वडिलांनी इंजिनीअर आणि टेक्निशियन यांच्या चाळीस वर्षांच्या कमाईचा एक्सेल तक्ता सोबत जोडला आहे आणि शेवटी लिहिले आहे, "हे खूळ त्याच्या डोक्यातून निघेल असे दोन शब्द त्याला लिहा."

ते दोन शब्द मी लिहिणार नाही. त्याऐवजी चार शब्द तुम्हालाच लिहितो आहे.

तुमच्या पाच पानी पत्रात मुलाला काय जमते याविषयी एकच वाक्य आहे: शेजाऱ्यांची बर्फ हटवण्याची यंत्रे दुरुस्त करून तो हिवाळ्यात पैसे मिळवतो. तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, कारण त्या वेळेत त्याने कॅल्क्युलस करायला हवे होते. उरलेल्या पानांवर मावसभावाचा पर्ड्यू विद्यापीठातील प्रवेश आहे, दोनदा लावलेली शिकवणी आहे आणि दिवाळीच्या फोनवर सांगलीच्या मंडळींना तुम्ही आधीच देऊन टाकलेली "इंजिनीअरिंगला जातो आहे" ही बातमी आहे. ती बातमी खरी करून दाखवण्याचा भार तुम्ही सतरा वर्षांच्या मुलावर टाकला आहे, आणि मला त्याच्या गुणांपेक्षा याचीच काळजी अधिक वाटते. आज किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथून गेलेल्या माणसाला यंत्राशी हाताने झटणे कमीपणाचे वाटावे, याचे मला नवलही वाटले.

आता तुमच्या तक्त्याविषयी. त्यातील बेरजा बरोबर आहेत. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकडेवारीनुसार मेकॅनिकल इंजिनीअरचे मध्यक वार्षिक वेतन ९९,५१० डॉलर होते, तर औद्योगिक यंत्रांची देखभाल करणाऱ्यांचे ६१,१७० डॉलर. दोन वर्षे आधी कमवायला लागल्याने आणि शुल्क वाचल्याने हे अंतर चाळीस वर्षांत भरून निघत नाही, हे मी मान्य करतो. मात्र त्याच वर्षी सर्व व्यवसायांचे मिळून मध्यक वेतन ४८,०६० डॉलर होते, हा रकाना तुमच्या तक्त्यात नाही. त्याहून मोठी उणीव अशी की, तुम्ही पदवी पूर्ण करून नोकरीत स्थिरावलेल्या इंजिनीअरशी तुलना केली आहे. तुमचा मुलगा तो इंजिनीअर होईलच, हे तुम्ही गृहीत धरले आहे. दोन शिकवण्या लावूनही ज्याला कॅल्क्युलसमध्ये 'सी' श्रेणी मिळते आणि ज्याला त्या विषयात गोडीही नाही, तो दुसऱ्या वर्षानंतर इंजिनीअरिंग सोडून देण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्या मुलाच्या हातात पदवी नसते, बहुधा कर्ज असते, आणि आपण नालायक आहोत अशी समजूतही असते. हा तिसरा रकाना भरा आणि मग तक्ता पुन्हा वाचा.

शुल्काचे गणित सोपे आहे. कम्युनिटी कॉलेजचे स्थानिक विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क देशाच्या सरासरीने वर्षाला सुमारे ४,००० डॉलर पडते, तर सरकारी विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्याला साधारण ११,००० डॉलरहून अधिक, आणि तेही चार वर्षे. सॅट ही महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा पुन्हा द्यावी का, असे तुम्ही विचारले आहे; या मार्गासाठी तिची गरज नाही.

तुमच्या पत्रातील एका समजुतीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ती पुढे महागात पडेल. "ऐकलाच नाही तर दोन वर्षे तिथे करू दे, मग थेट इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात घालू," असे तुम्ही लिहिता. महाराष्ट्रात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यावरून हे तुमच्या मनात आले असावे. अमेरिकेत टेक्निशियनला मिळते ती असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही पदवी मुळात नोकरीसाठी आखलेली असते. तिच्यात पीएलसी (यंत्रांचे संगणकीय नियंत्रण), हायड्रॉलिक्स आणि न्यूमॅटिक्स (द्रवाच्या आणि हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा), मोटर नियंत्रण, वेल्डिंग असे विषय असतात. इंजिनीअरिंगला लागणारे कॅल्क्युलस आणि त्यावर आधारलेले भौतिकशास्त्र बहुधा नसते, त्यामुळे तिचे अनेक क्रेडिट (श्रेयांक) इंजिनीअरिंग शाखेत धरले जात नाहीत. पुढे शिकायचेच झाले तर इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी ही वेगळी शाखा आहे, आणि काही विद्यापीठे तिथे हे क्रेडिट धरण्यासाठी कम्युनिटी कॉलेजांशी लेखी करार करतात. तो करार प्रवेशापूर्वी डोळ्यांनी पाहावा. समुपदेशकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. हा मार्ग निवडायचा असेल तर नोकरीचा मार्ग म्हणूनच निवडा. इंजिनीअरिंगचे मागचे दार म्हणून निवडलात, तर दोन्हीकडून नुकसान होईल.

तुमच्या मुलानेही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. यंत्रदेखभालीच्या कामाला तिथे पदवी लागतेच असे नाही. बारावीनंतर कामावरच शिकलेले अनेक जण हेच काम करतात. मग दोन वर्षे कशासाठी घालवायची? माझ्या मते या पदवीचे पैशातील मूल्य मुख्यतः तिला जोडलेल्या कारखान्यात असते. केंटकीत टोयोटाने २०१० मध्ये स्थानिक कम्युनिटी कॉलेजाबरोबर सुरू केलेला आणि आता 'फेम' या नावाने अनेक राज्यांत पसरलेला कार्यक्रम पाहा: आठवड्यातील दोन दिवस वर्ग, तीन दिवस कारखान्यात पगारी काम. २०२० मध्ये ब्रुकिंग्ज आणि ऑपॉर्च्युनिटी अमेरिका या संस्थांनी केलेल्या अभ्यासात, हा कार्यक्रम पूर्ण केलेल्यांची वार्षिक कमाई पाच वर्षांनंतर सुमारे ९८,००० डॉलर आढळली; त्याच राज्यातील तुलनेसाठी घेतलेल्या इतर विद्यार्थ्यांची त्या वेळी सुमारे ५३,००० होती. कंपन्या मुले निवडून घेतात, त्यामुळे सगळे श्रेय अभ्यासक्रमाला देता येणार नाही. तरीही एवढे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. दक्षिण कॅरोलायनात बीएमडब्ल्यूची अशीच योजना आहे, आणि तुमच्या घराजवळ कोलंबस स्टेट कम्युनिटी कॉलेजात होंडाच्या सहभागाने काम आणि शिक्षण एकत्र चालवले जाते. अशा योजनेत जागा मिळाली तर मुलाला निःशंकपणे पाठवा. नुसते वर्ग असतील आणि कोणताही कारखाना जोडलेला नसेल, तर मी दहा वेळा विचार करीन.

या कामाची कष्टाची बाजूही त्याला ठाऊक असावी. कारखाना बंद असतो तेव्हाच मोठी दुरुस्ती होते, म्हणजे रात्री, शनिवारी-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत. बारा तासांच्या पाळ्या सर्रास असतात. जादा तासांना दीडपट वेतन देण्याचा कायदा १९३८ चा आहे आणि आठवड्याची मर्यादा १९४० पासून चाळीस तासांची आहे, आणि टेक्निशियनच्या मोठ्या पगारांच्या ज्या कथा कानावर येतात, त्यांत या जादा तासांचा वाटा बराच असतो. पन्नाशीत गुडघे आणि कंबर कुरकुरू लागतात, म्हणून तिशीतच नियंत्रण प्रणाली, रोबोट किंवा देखभाल नियोजन यांकडे वळण्याची तयारी हवी. पुष्कळ मालक कर्मचाऱ्याच्या पुढील शिक्षणाचा खर्च उचलतात, आणि त्यातील वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर्मचाऱ्याला केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही.

इंजिनीअरिंगसाठी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) साठवलेले पैसे वाया जातील, ही तुमची भीती अनाठायी आहे. ते कम्युनिटी कॉलेजचे शुल्क, पुस्तके आणि आवश्यक अवजारे यांसाठी वापरता येतात, आणि खाते पंधरा वर्षांहून जुने असेल तर काही अटींवर एकूण ३५,००० डॉलरपर्यंतची रक्कम मुलाच्या रॉथ निवृत्ती खात्यात वळवता येते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी निवृत्तीची शिल्लक सुरू होते, हा रकानाही तक्त्यात घाला.

हे उत्तर वाचून सांगलीहून वा साताऱ्याहून कोणी मुलाला या पदवीसाठी अमेरिकेत पाठवण्याचा बेत करील, म्हणून स्पष्ट लिहितो: करू नका. परदेशी विद्यार्थ्याला शुल्क कितीतरी अधिक पडते, शिक्षणानंतर कामाची मुभा एक वर्षाची मिळते, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी साधारणतः चार वर्षांची पदवी लागते. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, तिथे वाढलेल्या मुलांनाही पगारी शिकाऊ काम करता येत नाही. हा सगळा हिशेब तुमच्या मुलाला लागू पडतो तो त्याच्या नागरिकत्वामुळे.

पुढच्या महिन्याभरात त्याच्याबरोबर कॉलेजच्या कार्यशाळेत एकदा जाऊन या. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण टिकले, कोणत्या कारखान्यांनी किती मुले घेतली आणि सुरुवातीचा तासाचा दर काय दिला, हे विचारायचे आहे. कम्युनिटी कॉलेजांत मध्येच सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते, म्हणून पहिला प्रश्न टाळू नका. प्रश्न मात्र मुलाला विचारू द्या. आणि सांगलीचा फोन त्याआधीच करा.