ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा शिकायला सिडनीला निघालाय, 'ऑस्ट्रेलिया पेटला' असं टीव्हीवर बघून घरात कुणाला झोप नाही, आणि ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय माध्यमं वणवे, राजकारण आणि जगाच्या बातम्या कशा देतात ते कळत नाही. मी बारा वर्षं न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्याच राज्यात, राहतोय. २०१९-२० चा मोठ्या वणव्यांचा उन्हाळा इथेच काढला, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

३१ डिसेंबर २०१९ ला आम्ही बर्मागुई नावाच्या समुद्रकाठच्या गावी सुट्टीला गेलो होतो. त्या दिवशी सकाळ उजाडलीच नाही. उन्हं यायच्या वेळेला बाहेर मिट्ट काळोख, मग तो काळोख तांबडा झाला आणि गाडीच्या टपावर निलगिरीची जळकी पानं येऊन पडायला लागली. पान अख्खं, शिरासुद्धा दिसत होत्या, पण बोट लावलं की राख. वीज गेली, पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली. घरमालकाच्या फडताळात सेलवर चालणारा जुना रेडिओ सापडला, त्यावर एबीसीचं स्थानिक केंद्र लागलं. एबीसी ही इथली सार्वजनिक प्रसारण संस्था. पैसा सरकारचा, पण बातमी काय द्यायची ते सरकार ठरवत नाही. रेडिओवर एकेका रस्त्याचं, एकेका वाडीचं नाव घेऊन सांगत होते: हा रस्ता बंद, या खोऱ्यात असाल तर आता निघायची वेळ गेली, पक्क्या घरात आसरा घ्या, वारा फिरून दक्षिणेकडून येणार आहे. आवाजात घाई नाही, आरडाओरडा नाही. बायको टॉर्चच्या उजेडात नकाशावर पेनाने खुणा करत होती. तासाभराने तीच नावं पुन्हा, बदललेल्या माहितीसकट. आम्ही सगळे सर्फ क्लबकडे, म्हणजे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या इमारतीकडे, गेलो ते त्या आवाजाच्या भरवशावर.

वणव्याची बातमी ही आधी जागेची बातमी असते. आग कुठे आहे, कुठल्या अंगाला सरकतेय, आपल्या हातात किती वेळ आहे. हे सांगायला त्या जागी माणूस लागतो, आणि एबीसीची अशी केंद्रं देशभर आहेत. ती राष्ट्रीय असूनही उपयोगी पडली ती यामुळे.

आता राजकारण. तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन डिसेंबरात आगी चालू असताना हवाईला सुट्टीवर गेले होते. 'मी काही पाण्याची नळी धरत नाही' हे त्यांचं रेडिओवरचं वाक्य गाजलं. २ जानेवारीला ते कोबार्गोला आले. हे गाव आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, तिथली बाजारपेठ ३१ तारखेला जळाली होती. एका बाईने त्यांच्याशी हात मिळवायला नकार दिला आणि ती चित्रफीत जगभर फिरली. राग खरा होता, त्यामुळे ती बातमी होतीच. पण आसपासच्या लोकांना त्या दिवशी डिझेल हवं होतं, पाणी हवं होतं, गुरांना चारा हवा होता, आणि पडद्यावर एक हात पुन्हा पुन्हा मागे जात होता. दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारीला, बगदादमध्ये अमेरिकेने इराणचे सेनानी कासिम सुलेमानी यांना मारलं आणि जगाचे कॅमेरे तिकडे वळले. इथे ४ तारखेला आग परत भडकली.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. अग्निशमन दलांच्या २३ माजी प्रमुखांनी एप्रिल २०१९ मध्येच पंतप्रधानांकडे भेट मागितली होती. हवा तापतेय, येणारा मोसम भयंकर असेल, असं त्यांना सांगायचं होतं. भेट मिळाली नाही. त्याचा गाजावाजा झाला तो नोव्हेंबरात, रान पेटल्यावर. राजकारणाचा प्रश्न विचारायची वेळ एप्रिलची होती. त्या मोसमात आगीने ३३ जीव घेतले आणि ३,००० हून जास्त घरं गेली.

परदेशात गेल्यावर बातमीचं काय होतं तेही बघा. न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी जानेवारीत सांगितलं की आगीशी संबंधित प्रकरणांत १८३ जणांवर कारवाई झाली. यात मुद्दाम आग लावल्याचा आरोप फक्त २४ जणांवर होता. बाकीच्यांत बंदी असताना चूल पेटवणारे होते, जळतं थोटूक फेकणारे होते. जगभर पसरलं ते मात्र '१८३ जणांनी आगी लावल्या' असं. त्याच आठवड्यात आईचा जुन्नरहून रडत फोन आला, 'अरे, अख्खा देश लाल दिसतोय!' तिला आलेलं चित्र उपग्रहाचा फोटो नव्हतंच. महिनाभरातल्या सगळ्या आगींची नोंद एकावर एक रचून एका कलाकाराने ते केलं होतं. विझलेली आगही त्यात धगधगत होती.

आपल्याकडे उलट. फेब्रुवारी-मार्चात आमच्या डोंगराला वणवा लागला की पोरं निरगुडीच्या डहाळ्या तोडून आग झोडपायला चढतात. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर चार ओळी येतात, कारण अज्ञात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळालं तेव्हा त्याची चित्रं दिवसरात्र घराघरात होती. सह्याद्रीच्या वाट्याला तसा अर्धा तासही कधी आलेला मी पाहिला नाही.

जून २०२० मध्ये, म्हणजे आग विझून चार महिने होतात न होतात तोच, एबीसीने पैशाअभावी २५० पर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. सकाळी पावणेआठचं रेडिओवरचं जुनं बातमीपत्रही बंद झालं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

मुलाला एवढं करायला सांगा. फोनवर 'हॅझर्ड्स निअर मी' हे सरकारी ॲप घ्यायचं आणि त्यात आपल्या राहत्या भागाभोवती गोल आखून ठेवायचा, म्हणजे तिथलाच इशारा येतो. इशाऱ्याच्या पायऱ्या तीन: सर्वात खालची माहितीपुरती, मधली धोका वाढतोय, आता हालचाल करा सांगणारी, वरची जीव वाचवायची. त्याने गावाबाहेर भटकायला जाताना तिथल्या एबीसी केंद्राची फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून घ्यावी आणि सेलवरचा छोटा रेडिओ पाठपिशवीत ठेवावा. आणि टीव्हीवर आग दिसली की तुम्ही आधी त्याला गावाचं नाव विचारा, मग नकाशावर ते सिडनीपासून किती लांब आहे ते मोजा. कोबार्गो जवळपास चारशे किलोमीटरवर आहे.