अननसाचा केक मधे बसतो, ओला राहतो, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की ताजा अननस घालून केलेला केक दोनदा मधे बसला आणि आतून ओलाच राहिला. क्रीम नको, वरून खोबरं हवं आणि रीत सोपी हवी. मी हा केक बारा-तेरा वर्षं घरी करते आहे. सुरुवातीला माझाही नेमका असाच बिघडायचा. कच्चा अननस किसून थेट मिश्रणात घालू नका. आधी शिजवून घ्या. बाकी सगळं त्यापुढे सोपं आहे.

अननसाला पाणी फार सुटतं. किसून पाच मिनिटं ठेवलात तरी ताटलीत रस साचतो. हे सगळं पाणी पिठात गेलं की वरून केक लाल होतो आणि आत मात्र ओला, चिकट राहतो. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दह्यात कच्चा अननस कालवून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागतो, ते याचंच काम. अंड्याऐवजी दही घालणार असाल तर हे फार जपायला हवं. नीट शिजवलं की त्याचा जोर जातो. अननसाचा शिरा करताना आपण फोडी साखरेत शिजवतो, तसंच इथे करायचं.

अननस घेताना बुडाशी वास घ्या, गोड वास आला तरच घ्या. आपल्या बाजारात केरळचा लहान, काटेरी पानांचा मॉरिशस जातीचा अननस येतो. केरळातल्या वाळकुळमच्या याच अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केकला हा मोठ्या, रसाळ क्यू जातीपेक्षा बरा, पाणी कमी आणि गोडी जास्त. डोळे आणि मधला दांडा काढून 350 ग्रॅम गर बारीक चिरा. दोन मोठे चमचे साखर घालून जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा. अॅल्युमिनियम नको, आंबट रस त्याला लागतो. दहा-बारा मिनिटांत रस आटतो, फोडी पारदर्शक दिसू लागतात आणि कालथा फिरवला की मागे कढईचा तळ क्षणभर कोरडा दिसतो. तिथेच गॅस बंद करा. साधारण 250 ग्रॅम उरतं. पूर्ण गार होऊ द्या, घाई नको. डबाबंद अननस असेल तर तो आधीच शिजलेला असतो; पाक निथळून, हाताने दाबून घेतला की झालं.

आता केक. 200 ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी आणि 130 ग्रॅम साखर फिकट होईपर्यंत फेटा. त्यात 100 मिली बिनवासाचं तेल आणि गार अननस घाला, मग मैदा घालून हलक्या हाताने कालवा. पीठ दिसेनासं झालं की थांबा. अंडं चालत नसेल तर अर्धी वाटी घट्ट दही आणि सोडा अर्धा चमचा. अननसाचा आंबटपणा सोड्याला लगेच लागतो, म्हणून ओव्हन आधीच 175 अंशांवर तापलेला हवा आणि मिश्रण झाल्याबरोबर आठ इंची चौकोनी भांड्यात ओतून आत जायला हवं.

खोबरं सुरुवातीपासून वर घालू नका, करपतं. केक आत गेल्यावर निवांत तयारी करा: 50 ग्रॅम बटर, 80 ग्रॅम साखर आणि तीन चमचे दूध उकळून त्यात 100 ग्रॅम ओल्या नारळाचा चव घाला. खवताना पाठीची काळी साल येऊ देऊ नका. सुकं खोबरं घेणार असाल तर आधी चाखून बघा. खवट असेल तर सगळा केक वाया जातो. तीस मिनिटांनी सुरी घालून बघा. मध्यभाग घट्ट झाला असेल तरच हे गरम मिश्रण चमच्याने कडेपासून मधे पसरवा, मधे आधी ओतलंत तर तिथे भार येऊन केक दबतो. आच 190 करा आणि आणखी दहा-बारा मिनिटं. कडेला साखर बुडबुडायला लागते, खोबऱ्याची टोकं तांबूस होतात आणि घरभर नारळाच्या वडीसारखा वास सुटतो.

माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीला हाच केक केला होता. बाबा वेंगुर्ल्याचे. त्यांना क्रीम चालत नसे, म्हणून प्रत्येक वाढदिवसाला ते सुरी धरून फोटोपुरते उभे राहायचे आणि केक आम्ही खायचो. त्या दिवशी त्यांनी कडेचा तुकडा मागून घेतला. मऊ भाग आधी खाल्ला, वरचा खोबऱ्याचा कुरकुरीत पापुद्रा बशीत बाजूला काढून ठेवला आणि तो शेवटी चहाबरोबर खाल्ला. तेव्हापासून खोबरं मी मुद्दाम थोडं जास्तच करते.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून मंद आचेवर केक छान होतो, पण वरून आच नसल्यामुळे खोबरं तांबूस होत नाही. अशा वेळी चव कढईत बटर-साखरेवर सोनेरी परतून घ्या आणि गरम केकवर थापा. दोन्ही प्रकारांत तासभर गार झाल्याशिवाय कापू नका. ओला नारळ असल्यामुळे हा केक बाहेर एकच दिवस टिकतो. उरला तर फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.