वायनरीत जा, पण सातबारा कोरा ठेवून

प्रश्न: मी २७ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. हातात ६८ हजार येतात, खर्च ३० हजार, भावाच्या फीसाठी १५ हजार घरी देते. नऊ लाख साठलेत. निफाडजवळ वडिलांची द्राक्षबाग आहे. मला वाईनमेकर व्हायचंय. जमीन तारण ठेवून फ्रान्समधल्या कोर्ससाठी ३० लाखांचं कर्ज काढू का? दिंडोरीकडे एका वायनरीत जानेवारी ते मार्च हंगामी काम मिळतंय, महिना २८ हजार. घरचे म्हणतात, दारूच्या धंद्यात मुलगी नको, हिंजवडीत फ्लॅट घे.

उत्तर: हंगामी काम घ्या. कर्ज आत्ता नको, आणि जमीन तर नकोच.

आधी आकडे. ११ टक्क्यांनी ३० लाख घेतले की शिक्षण संपेपर्यंत व्याज चढून रक्कम ३७ लाखांच्या आसपास जाते. दहा वर्षांचा हप्ता साधारण ५१ हजार. वायनरीतल्या २८ हजारांत तो बसत नाही, दुप्पट पगारातही जेमतेम. शिवाय कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बऱ्याच बँका ती तारण घेतच नाहीत. मग माणूस पतसंस्थेच्या किंवा सावकाराच्या दारात जातो, आणि तिथला दर ११ टक्के नसतो.

घरच्यांचा विरोध दारूला आहे, असं तुम्ही लिहिता. मला तो सातबाऱ्यावर चढणाऱ्या बोज्याला वाटतो. २००८ च्या मंदीनंतर काही वायनरी बसल्या आणि शेतकऱ्यांनी वाईन द्राक्षांच्या बागा उपटल्या. निफाडच्या बागायतदाराला हे कुणी सांगावं लागत नाही. जमीन मध्ये नाही म्हटल्यावर घरातली चर्चा निम्मी तरी निवळेल. (उरलेली निम्मी नातेवाइकांची, तिला माझ्याकडे इलाज नाही.)

आता हंगामाचा हिशेब. तीन महिने बिनपगारी रजा मागा. खर्च आणि भावाची फी मिळून ४५ हजार, मिळणार २८. महिन्याला १७ हजारांची तूट, म्हणजे एकूण ५१ हजार. कर्जाच्या एका हप्त्याएवढ्या पैशांत तुम्हाला खरं काम दिसेल: पहाटे आलेले क्रेट उतरवणं, ब्रिक्स (द्राक्षरसातली साखर) मोजणं आणि दिवसातला निम्मा वेळ टाक्या, पाइप धुणं. चेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाईनची चव घेणं त्यात फार थोडं. हे करून मार्चमध्येही तिथंच राहावंसं वाटलं, तर पुढचं बोलू.

फ्रान्सला वाईनशास्त्राच्या मुख्य पदवीसाठी विज्ञानाचा, त्यातही रसायन-जीवशास्त्राचा पाया बघतात. तुमची पदवी कॉम्प्युटरची असेल तर प्रवेशाच्या अटी आधी तपासा. इथे वाईनमेकरच्या जागा मोजक्याच असतात. विक्री आणि पर्यटनात जास्त.

रजा मिळाली नाही आणि राजीनामाच द्यावा लागला, तर त्याआधी स्वतःचा आरोग्य विमा काढा, कंपनीचा नोकरीबरोबर जातो. नऊ लाखांतले चार एफडीत बाजूला ठेवा, ते नसल्यासारखेच समजा. पीएफ मोडू नका. फ्लॅटचं बुकिंग एप्रिलनंतर. टोकन दिलं असेल तर ते परत मिळतं का, हे बिल्डरला याच आठवड्यात लेखी विचारा.